पहिल्या पानावरचा फोटो

लेकीच्या लग्नाआधीच दगडोबांनी फोटोग्राफर कुलदीपला बजावलं होतं, "कुलदीप, मंगळसूत्राचा फोटू पैल्या पानावर पायजे, मोठ्ठा. त्यो चुकला तर येरमाळ्यात दुसरं लगीन तुला घावायचं न्हाय." आणि नेमका तोच चुकला. ऐन वेळी नवरीचे मामा कॅमेऱ्यापुढं आडवे आले अन् सगळ्या फोटोंत त्यांचा फेटाच तेवढा उमटला.

शेवटी कुलदीपनं आपल्या बायकोलाच, हर्षालीला, नवरीसारखाच हिरवा शालू नेसवला, स्वतःच्या हातांना हळद फासली आणि टायमर लावून फोटो काढला. पाठमोरी मान अन् गाठ बांधणारे दोन हात, बाकी काही नाही.

आज अल्बम न्यायला दगडोबा आणि नवरीची आई कडूबाई घरी आले होते. पहिलं पान बघून दगडोबा भलतेच खूश झाले. कडूबाईंचं बोट मात्र त्या फोटोवरून हलेना. त्या एकदा फोटोकडं बघत, एकदा वाकून चहा ठेवणाऱ्या हर्षालीकडं. कुलदीपनं पान उलटायला घाईनं हात पुढं केला.

"का गं, काय झालं?" दगडोबांनी विचारलं.

"काय न्हाय वो. लई ग्वाड आलाय."

निघताना दगडोबा अल्बम घेऊन पुढं गेले, तशा कडूबाई मागं वळल्या. हर्षालीचा पदर तिच्या मानेवरून नीट ओढत हळूच म्हणाल्या,




"दुसरा अल्बम न्यायला उद्या आमच्या विहीणबाई येणार हायत. मानंवरचा तीळ तेवढा झाकून ठेव, पोरी."