शोभेचे देव

पानं वाढून झाली, पाहुणे बसले, तरी द्वारकाबाई दिवाणखान्यात उभ्याच होत्या. घरच्या देवांना नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या घास घेत नसत, हे त्यांच्या लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं.

"आई, बस ना. नव्या घरात अजून देव बसवलेच नाहीत."

"आहेत की. चपलांच्या कपाटावर टांगलेत."

केतकी हसली. काळ्या मखमलीवर चिकटवलेले चांदीचे तीन टाक तिनं जुन्या बाजारातून हौसेनं आणले होते. भिंतीवरचा नांगर, कोपऱ्यातला रांजण आणि ही फ्रेम. सकाळपासून पाहुणे त्याचंच कौतुक करत होते. "अगं, ते अँटीक आहे. शोभेचं."

द्वारकाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज चढला नाही. "हा घोड्यावरचा खंडोबा. ही देवी. आणि हे पागोट्यातले कुणाचे तरी पणजोबा, घरच्यांनी टाक करून देवघरात पुजलेले. किती दिवस उपाशी ठेवलंस यांना?"

"आपले नाहीत गं ते. कुणाचे कोण जाणे."

"विकत आणलेस ना? मग आता तुझेच."

त्यांनी फ्रेम उतरवली, सुरीनं एकेक टाक उचकटला, धुतला आणि पाटावर मांडला.

"वाढ."

"आई, सगळे बघतायत."

"बघू देत. आणि उद्यापासून कुणी बघत नसलं तरी वाढायचं. रोज."

केतकीनं मान खाली घालून पहिली मूद वाढली. पाहुण्यांच्या पानातला भात निवत चालला होता. तिसरी मूद पडेपर्यंत द्वारकाबाई बसल्या नाहीत.