अंबूचा निवद

दिवस मावळला तरी साक्षीला फीट आली नाही.

शालूबाई उंबऱ्यावर बसून होती. एका हातात फोडलेला कांदा, दुसऱ्या हातात लोखंडी किल्ल्या. पोर पडली की कांदा नाकाला लावायचा आणि किल्ल्या मुठीत द्यायच्या, ही तयारी दर अमावस्येची. दुपार कलली की साक्षीचे डोळे फिरत, हातपाय झटके देत आणि ती असेल तिथे कोसळे. एकदा चुलीच्या तोंडाशी पडली होती. मनगटावरचा डाग अजून गेला नव्हता. पुढच्या खेपेला कुठे पडेल, या विचारानं शालूबाईला महिनाभर झोप लागत नसे.

असं का होतं, ते वडूजजवळच्या त्या वस्तीत शेंबडं पोरही सांगे. साक्षीची आत्या अंबू, साक्षीच्या जन्माआधी अशाच एका अमावस्येला मळ्यातल्या विहिरीत पडून गेली होती. तिलाही फीट यायची. तिचीच सावली भाचीवर पडलीय, असं देवऋषी म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. न डोलावून करतात काय? फीट बरोबर अमावस्येलाच येत होती. भूत असलं तरी वेळेचं पक्कं होतं. शेजारचे नानासो त्या दिवशी मुद्दाम ओट्यावर येऊन बसत आणि "आली का अंबू?" असं विचारत, जणू सासरहून माहेरवाशीण यायची आहे.

शालूबाई लग्न होऊन आली तेव्हा ही नणंद परकरात होती. तिची वेणी घालण्यापासून तिला भरवण्यापर्यंत सगळं शालूबाईनं केलं. फीट यायला लागल्यावर उतारे केले, अंगारे आणले, डॉक्टरच्या गोळ्या दिल्या, उपास धरायला लावले. काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही. तरी अंबू गेली. त्या दिवसापासून शालूबाई विहिरीत वाकून बघत नाही.

मग पोटच्या पोरीसाठी ती कशात कमी पडणार? नवरा फौजेत, घरात या दोघीच. साताऱ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या ती सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं द्यायची. देवऋषीचा उपासही तितक्याच निष्ठेनं करवून घ्यायची. आदल्या संध्याकाळपासून अमावस्येच्या दिवेलागणीपर्यंत तोंडात पाण्याशिवाय काही नाही. गोळीसुद्धा नाही. पोटात काही गेलं म्हणजे उपास मोडला. दिवे लागले की अंबूच्या नावानं दहीभाताचा निवद विहिरीच्या काठावर ठेवायचा आणि मग पोरीनं उपास सोडायचा.

आज दिवे लागले आणि साक्षी भिंतीला टेकून चांगली बसलेली होती. नानासो जरा हिरमुसलेच. चहा पिऊन घरी गेले.

शालूबाईनं कांदा खाली ठेवला आणि पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. "सुटलीस गं बाय," ती म्हणाली. "अंबूनं सोडलं तुला."

साक्षीला गप्प राहता आलं असतं. पण पुढच्या महिन्यात पुन्हा अमावस्या होतीच.

"आई, कुनी सोडलं न्हाई मला," ती म्हणाली. "मी गोळ्या घेतल्या. काल सांजची आनि आज सकाळची बी. तू गोठ्यात हुतीस तवा."

शालूबाईचा हात तिच्या गालावरच राहिला.

"गेल्या खेपेला तू गोळ्या आनाय गेलीस, तवा डॉक्टरनी मला इचारलं, अमावस्येलाच का येती, त्या दिवशी घरात येगळं काय करता? मी म्हनलं, उपास. तर म्हनले, आनि गोळी? मी म्हनलं, ती बी न्हाई. ते म्हनले, उपास धरायचा तर मला इचारून धर, पन गोळी चुकवू नगंस. मधीच चुकली की फीट यिऊ शकती."

"गोळी चुकली की येती?"

"व्हय."

"कुनालाबी?"

"ज्याला चालू हाय त्याला. कुनालाबी."

शालूबाईनं हात मागे घेतला. रागावली असती तर साक्षीला बरं वाटलं असतं. मग ती उठली, आत गेली, निवदाचं पान भरून घेऊन आली. दारातच तिनं हात पुढे केला.

"एक गोळी दे."

साक्षी मागे सरली. आईनं गोळ्यांचं पाकीट चुलीत घातलं तर काय, म्हणून ते तिनं ओढणीत गच्च धरून ठेवलं होतं.

"आई, पाया पडते. फेकू नगंस."

"फेकत न्हाई. एकच दे. उद्यापास्नं तुझी एक बी चुकायची न्हाई, मी हाय."

साक्षीनं एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. शालूबाई बांधावरून चालायला लागली. साक्षी बॅटरी घेऊन मागे निघाली. आजवर तिला विहिरीची भीती वाटायची. आज पुढे चाललेल्या आईची वाटत होती.

काठावर शालूबाईनं पान ठेवलं. दहीभातावर मधोमध ती पांढरी गोळी ठेवली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती काठावर हात टेकून खाली वाकली. साक्षीनं मागून तिचा पदर धरला.

"अंबे," ती खालच्या काळ्या पाण्याला म्हणाली, "त्या दिवशी सकाळी तू मागत हुतीस. मीच दिली न्हाई. ही घे."