हात न लावता

"साहेब, हातात नका..." इरावती म्हणेपर्यंत कट्‌ झालं. त्या शेडमध्ये हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

चिप बनवायची सिलिकॉनची पातळ चकती पाहुण्या साहेबांच्या बोटांत दुभंगली होती, आणि ती शेवटची होती. अशी चकती हवेच्या झोतावर, हात न लावता उचलणारं यंत्र इरावतीनं बनवलं होतं. ते विकत घ्यायचं का, हे साहेब आज ठरवणार होते.

"आता कसं दाखवणार?" साहेब ओशाळले. "माझं संध्याकाळचं विमान आहे."

इरावतीनं पर्स उपसली. सासूबाईंनी मागवलेलं पापडांचं पाकीट निघालं.

"मॅडम, अहो!" मदतनीस सुर्वे कुजबुजला. तिनं पापड ठेवून बटण दाबलंसुद्धा. हवा फुसफुसली, यंत्राचा हात खाली आला आणि पापड अलगद वर गेला. शेडभर शिट्ट्या!

साहेबांनाही चेव आला. "भाजलेला उचलेल?"

"उचलेल की!" ती बोलून गेली, आणि तिनं पापड सुर्वेकडे सरकवला.

सुर्वेनं कारखान्यातल्याच गरम हवेच्या गननं पापड भाजला. चांगला फोडाफोडांचा, वाकडातिकडा झाला. यंत्राचा हात त्याला घेऊन डुगडुगत निघाला. कुणी श्वास घेईना. पापड साहेबांच्या तळहातावर उतरला. अख्खा!

"यंत्र आमचं," साहेब म्हणाले आणि त्यांनी पापडाचा मोठा घास तोडला. कुर्रम!

काहीतरी मोडल्याच्या आवाजाला त्या शेडमध्ये पहिल्यांदाच टाळ्या पडल्या.