टटबाईंचा चेहरा

"तोंडावर केक घेणार नाही म्हणजे नाही!" व्हायोला फेअरचाइल्डने पाय आपटला.

दिग्दर्शक दूलनच्या हातातला मलईचा केक उन्हात पाझरायला लागला होता. सेटला तीनच भिंती, वर छताच्या जागी पांढरं कापड. आजचा शेवटचा शॉट राहिला होता आणि केकही शेवटचाच होता.

"अगं, मलई आहे ती, चुना नव्हे," दूलन म्हणाला.

"लोक पैसे मोजतात ते माझा चेहरा बघायला. तोच झाकला तर त्यांना काय, तुमचं टक्कल दाखवणार?"

दूलनने दुसऱ्या हातातला कर्णा जमिनीवर आदळला. कॅमेऱ्याचं हँडल फिरवणारा ओटो खिशातून सफरचंद काढून खायला लागला, कारण असे तंटे लवकर मिटत नाहीत हे त्याला ठाऊक होतं.

"मी घेते," कोपऱ्यातून टटबाई म्हणाल्या.

विनिफ्रेड टट हे भूत होतं. नाटकात जन्मभर दासीची कामं करून, उद्या नायिका होईन या आशेवर बाई गेल्या, आणि आशा सुटली नाही म्हणून जाता जाता इथेच राहिल्या. माणसांना त्या दिसायच्या, पातळ ताकाइतक्या फिकट. कॅमेऱ्याला मात्र मुळीच नाही. कंपनीने त्यांना ठेवलं होतं तेच मुळी त्यासाठी. पडद्यावर खुर्ची आपली आपण चालत यायची, सुपाचं भांडं तरंगत जाऊन पोलिसाच्या डोक्यावर उपडं व्हायचं, आणि गावोगावचे प्रेक्षक तोंडात बोटं घालायचे. कोणी विचारलंच तर दूलन तारांची करामत म्हणून सांगायचा. पोस्टरवर नाव अर्थातच व्हायोलाचं.

"बाई, तुम्ही उमटत नाही," दूलन म्हणाला. "कितीदा सांगू?"

"मी नाही उमटत. मलई उमटते ना?"

ओटो सफरचंद चावायचा थांबला.

"सुपाचं भांडं धरतात त्या," तो हळूच म्हणाला. "मग केक का नाही धरणार?"

"भांडं हाताने धरतात, बाबा. तोंडाने कधी काही धरलंय का, बाई?"

"मेल्यापासून नाही," टटबाईंनी कबूल केलं. "पण मी धरायचं ठरवलं की वस्तू राहते. नाही ठरवलं की आरपार जाते. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सगळे माझ्यातूनच तर जाता. माफ करा म्हणायचीसुद्धा कुणाला आठवण होत नाही."

सगळ्यांनी खाली बघितलं. दूलनने टकलावरून हात फिरवला.

"आणि ऐन वेळी दचकलात तर?"

"तर केक भिंतीवर. आणि मग मी पुन्हा कधी काम मागणार नाही. जन्मभर तुमच्या खुर्च्या हलवीन." त्या थांबल्या. "म्हणजे, कायमच."

दूलन हसला नाही. केक फेकण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. त्याने बाह्या सारल्या आणि ओटोला खूण केली. हँडल फिरायला लागलं.

टटबाई भिंतीपुढे येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून ठेवली आणि हात मागे बांधले. त्यांना भयंकर भीती वाटत होती. मेलेल्या माणसाला कसली आलीय भीती, असं म्हणणाऱ्याने तोंडासमोर केक येताना एकदा बघावा.

"डोळे मिटू नका!" दूलन ओरडला आणि त्याने केक सोडला.

फच्च.

केक भिंतीवर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काळे पडदे ओढून सगळे फिल्म बघायला बसले. पडद्यावर आधी नुसती भिंत आली, फुलाफुलांच्या कागदाची. मग केक उडत आला आणि अधांतरी थबकला. कोणीतरी फिसकन हसलं. मलई हळूहळू ओघळायला लागली, आणि तिच्यातून एक कपाळ निघालं. मग नाक, चांगलं लांबलचक. मग गाल. डोळ्यांच्या जागी भिंतीवरची दोन फुलं दिसत होती. शेवटी ओठ फाकले, आणि खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की ती बाई मनापासून, पोट धरून हसते आहे.

मग जो हशा उठला, तो शेजारच्या कंपनीतली माणसं काम सोडून खिडकीशी येईपर्यंत थांबला नाही. दूलन तर डोळे पुसत होता.

"अहो बाई," तो म्हणाला, "तुम्ही आहात की!"

"पोस्टरवर आता ह्या का?" व्हायोलाने विचारलं.

"ह्याच. एवढ्या मोठ्या."

व्हायोलाने तोंड वाकडं केलं, पण टाळी पहिली तिनेच वाजवली.

टटबाई उठल्या आणि थेट पडद्यापुढे गेल्या. प्रकाश त्यांच्यातून आरपार जात होता आणि समोर त्यांचाच चेहरा हसत होता, दरवाजाएवढा. त्यांनी चेहरा या बाजूने बघितला, त्या बाजूने बघितला, आणि मग मान मागे वळवली.

"दूलन," त्या म्हणाल्या, "डावा गाल नीट आला नाही. आणखी एक मारा."