दौलतच्या हातची गाडी

कपबशीचा खडखडाट ऐकून दौलत लोहारने उजव्या हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता. त्याच क्षणी शेडमधल्या तिन्ही मोटारसायकलींची हँडलंही खडखडू लागली.

त्याच्या मनगटात बसवलेल्या चिपमधून त्याच्या हाताचा तोल त्याने घडवलेल्या प्रत्येक गाडीला मिळायचा. त्यासाठीच अख्ख्या कोल्हापुरातली पोरं त्याच्याकडे रांग लावायची. तो तोल बंद करायचं बटण मात्र त्याने एकाही गाडीला बसवलं नव्हतं. "गाडी माझ्या हातची, मग माझा हात काढायचा कशाला?" असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

फोन वाजला. त्याची लेक रेवती त्यानेच घडवलेल्या गाडीवरून आंबा घाट उतरत होती, हेल्मेटमधूनच बोलत होती.

"आबा, हँडल लई थरथरतंय!"

"ब्रेक दाब, पोरी."

"दाबला की जास्तच हिसके बसतात!"

दौलतने उजवा हात कामाच्या टेबलावरच्या व्हाइसच्या, लोखंडी पकडीच्या, जबड्यात घातला आणि डाव्या हाताने दांडा फिरवत तो आवळला, हाड कळवळेपर्यंत. हात थांबला. शेडमधली हँडलंही गप्प झाली.

"थांबलं, आबा!"

त्याने श्वास सोडला.

"आबा... पण आता हँडल वळतच नाही. पुढं वळण आलंय."