वर्षाच्या आत

ताळेबंदावरून गुणोत्तरं काढता काढता भाचीचं डोकंच फिरलं. वर्षभरात हाती येणारा पैसा गेल्या खेपेला वर्षभरात फेडायच्या देण्यांच्या दुप्पट होता, यंदा तो त्या देण्यांच्या निम्माच भरत होता. हे पाहून बँकवाले दारातसुद्धा उभं करणार नाहीत! तिने कारण हुडकून काढलं आणि तरातरा मामांच्या टेबलापाशी गेली. कारखान्याचे हिशेब पहिल्यापासून मामाच लिहायचे.

"मामा, तुम्ही कंपनीला दिलेलं कर्ज वर्षाच्या आत फेडायच्या देण्यांत का धरलंत? दरवर्षी ते लांबच्या देण्यांत असतं."

"यंदा तिथेच हवं."

"अहो, तुम्ही असेपर्यंत एक पैसाही परत घ्यायचा नाही, तुमच्या माघारी तो मामीला द्यायचा, असं तुम्हीच करारात लिहून दिलंय ना? मग वर्षाच्या आत कसं? तुमच्याकडून अशी चूक!"

मामांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. दार लोटलेलं आहे ना, ते बघून घेतलं.

"चूक नाही गं," ते हळूच म्हणाले, "डॉक्टरांना विचारूनच लिहिलंय."