चंद्राबाईचा साबण

विहिरीवर केसर आली तेव्हा तांडेलाची बायको चंद्राबाई आधीच धुणं घेऊन बसली होती. केसरच्या हातात नवऱ्याचा, भिकूचा, कंबरेचा रुमाल बघताच तिनं आपलं गाठोडं ओढून घेतलं नि केसरला जरा लांब बसायला सांगितलं. आमच्या कपड्यांना लागायचं, म्हणाली. पाणी ओढणाऱ्या दोघीतिघींनी ते ऐकलं.

केसर लांब बसली, पण आतून नुसती पेटली. नारळी पुनव चार दिवसांवर, आणि कालच तांडेल तुळशीरामानं भिकूला सगळ्या खलाशांदेखत होडीवरून काढलं होतं. गजकर्णवाला माणूस नको म्हणे! अहो, गजकर्ण होतं ते महिन्यापूर्वी. रेवदंड्याच्या औषधवाल्या करमअलीकडून केसरनं स्वतः मलम आणलं, भिकू आगआग होते म्हणून ओरडला तरी दोन्ही वेळ चोळलं, कपडे उकळले. खाज गेली, चकत्या गेल्या. कातडीवर उरला तो मलमाचा तपकिरी रंग, आणि तांडेलानं त्यालाच रोग ठरवला.

या मलमाची खोड करमअलीनं आधीच सांगितली होती. कपड्याला पिवळा डाग पडतो; त्याला साबण नाहीतर राख लागली की तो जांभळा होतो, मग जन्मात जात नाही. तरी पहिल्याच धुण्याला केसरनं सवयीनं राख लावलीच. भिकूचा रुमाल वांग्यासारखा जांभळा झाला.

चंद्राबाईकडे साबण होता. अख्ख्या कोळीवाड्यात तिच्याकडेच. गाठोड्याच्या तळातून तिनं निळ्या चौकटीचा रुमाल काढला. मुंबईहून आणलेला, तांडेलाचा. त्याच्यावर पिवळा डाग होता.

"नांगराचा गंज लागलाय," कुणी विचारलं नव्हतं तरी ती म्हणाली, आणि साबण घासू लागली.

डाग जांभळा झाला. तिनं आणखी जोरात घासलं. तो आणखी जांभळा झाला. मग तिचा हात थांबला, आणि तिनं हळूच केसरकडे पाहिलं.

केसरच्या अगदी ओठांवर आलं होतं. एक शब्द, आणि सांजेपर्यंत थळपासून मांडव्यापर्यंत लोक हसले असते. तिनं तो गिळला. उठली, चंद्राबाईच्या शेजारी जाऊन बसली आणि भिकूचा रुमाल तांडेलाच्या रुमालावर पसरला. पाणी ओढणाऱ्या बायकांना दिसला तो एकच डाग, रोजचा.

"वयनी, डाग नाय जायाचा. रोग जातो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "खाज गेली तरी मलम सोडू नका. आणखी पंधरा दिस लावा. नि होडीवरची ती गोधडी उकळून काढा. आठ जण एकीत झोपतात, नायतर फिरून येल."

चंद्राबाई धुणं अर्धं टाकून निघून गेली. केसरला वाटलं, संपलं. आता पुनवेला भिकू किनाऱ्यावर उभा राहून दुसऱ्यांची होडी बघणार.

दुपारी दारात सावली पडली. चंद्राबाई होती. डोक्यावर होडीवरची गोधडी, खारानं कडक झालेली. आजवर तिनं ओझं गड्यांकडूनच आणवलं होतं.

"हंडा चढव," गोधडी उतरवत ती म्हणाली. "चूल मी फुंकते. वाळली की भिकूच घेऊन जाईल होडीवर."